भाऊसिंगजी रोड पायी बघायचा आहे, सुरुवात कुठून करू?

अवंती_गोदाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे. कोल्हापूरला आजवर तीनदा आलो आणि तिन्ही वेळा तेच केलं. अंबाबाईचं दर्शन, महाद्वार रोडला खरेदी, तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, रात्रीची गाडी. शहर बघितलं असं काही वाटलं नाही.

माझे आजोबा शिकायला कोल्हापुरात होते. दसरा चौकातल्या एका बोर्डिंगात राहायचे आणि भवानी मंडपाजवळच्या राजाराम हायस्कूलला चालत जायचे. त्यांच्या बोलण्यात देवळापेक्षा हा रस्ताच जास्त यायचा. "भावसिंगजी रस्त्यानं निघालो की..." अशी सुरुवात झाली की आम्ही पोरं मांडी घालून बसायचो. आता ते नाहीत. बाबा ७१ वर्षांचे आहेत, एक गुडघा कुरकुरतो, पण म्हणतात, एकदा तो रस्ता अण्णांसारखा चालून बघायचाय. सोबत माझी सहावीतली मुलगी असेल.

येत्या शनिवारचा पूर्ण दिवस हातात आहे. कुठून सुरू करू, काय चुकवू नये, आणि बाबांना मध्ये बसायला जागा कुठे मिळेल?

मंगळवार_पेठेतला
गाडी बिंदू चौकाच्या पार्किंगला लावायची आणि संध्याकाळपर्यंत तिचं नाव काढायचं नाही. बाकीचं थोरमंडळी सांगतीलच.

खडू_फळा
अवंतीताई, आजोबांचीच वाट धरा. दसरा चौकातून निघा. किलोमीटर-सव्वा किलोमीटरचा रस्ता आहे, पण घाईनं उरकायचा नाही. मी या शहरात ३४ वर्षं इतिहास शिकवला आणि दर वर्षी एक वर्ग या रस्त्यानं चालत नेला, म्हणून थोडं लांबण लावतो.

दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. तिथं उभं राहून चारी बाजूंनी बघा. मुस्लिम बोर्डिंग आहे, लिंगायत बोर्डिंग आहे. शहरात इतरत्र जैन, मराठा आणि आणखी कितीतरी समाजांची बोर्डिंगं आहेत. १९०१ पासून पुढच्या वीसेक वर्षांत महाराजांनी हे जाळं उभं केलं. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यानं संस्थानच्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्या, हे सगळ्यांना पाठ असतं. पण जागा ठेवून भागत नाही, तिच्यावर बसायला शिकलेला माणूस लागतो. खेड्यातलं पोरगं कोल्हापुरात शिकायला आलं तर त्यानं राहायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडं? त्याचं उत्तर म्हणजे ही बोर्डिंगं. तुमचे आजोबा त्याच उत्तरातले एक. मुलीला हे तिथं उभं करूनच सांगा.

तिथून पुढं आलात की सीपीआर. आता छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असलं तरी सगळे सीपीआरच म्हणतात. समोर टाऊन हॉल. १८७२ ते १८७६ या काळात बांधला, आराखडा मेजर चार्ल्स मॅन्टचा. नवा राजवाडाही त्याचाच. दोन टोकदार मनोरे, काळा दगड आणि भोवती जुन्या झाडांची बाग. बाबांची बसायची जागा हीच. आतमध्ये वस्तुसंग्रहालय आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू तिथं आहेत. पोसायडन या समुद्रदेवाची वीतभरही नसलेली ब्राँझची मूर्ती बघाच. समुद्र घाटाखाली इतका लांब, आणि त्याचा देव आमच्या नदीकाठच्या मातीत सापडला! दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करणारं हे गाव होतं, हे त्या एका मूर्तीनं कळतं. संग्रहालय सोमवारी बंद असतं, शनिवारी तुम्हाला अडचण नाही.

पहाटपाखरू
खडू_फळा सरांचा आदर ठेवून सांगतो, सुरुवात उलटी करा. सकाळी साडेसहाला भवानी मंडपातून निघा.

कारण असं की दहानंतर हा रस्ता तुम्हाला दिसतच नाही. पाट्या, टांगलेले ड्रेस, दुचाक्या आणि हॉर्न एवढंच दिसतं. पहाटे शटर खाली असतात. अशा वेळी मान वर करून चाला. पाट्यांच्या वरच्या मजल्यावर जुना रस्ता अजून आहे. लाकडी कठडे, नक्षीच्या तुळया, रंगीत काचांच्या खिडक्या, एखाद्या माडीवर वाळत घातलेलं नऊवारी. दर वर्षी त्यातलं एखादं घर पडतं आणि तिथं काचेची इमारत येते. जे उरलंय ते बघून घ्या.

आणि गुजरीत शिरा. सराफांची गल्ली ती. पहाटे तिथं झारेकरी दिसतील. दुकानांपुढची धूळ मऊ ब्रशनं गोळा करतात आणि पाण्यात धुऊन तिच्यातला सोन्याचा कण काढतात. एक आजी फटीतली माती सुईनं उकरत होत्या. मी अर्धा तास बघत उभा होतो, त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

पुणेकर_पाहुणा
प्रश्न मूर्ख वाटेल, पण हे भाऊसिंगजी कोण? कोल्हापूरच्या इतिहासात हे नाव कुठं वाचलेलं नाही.

खडू_फळा
मूर्ख कशाला, चांगला प्रश्न आहे. भावसिंहजी हे भावनगरचे महाराज. शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकायला होते, तिथले हे सोबती. दोस्ताचं नाव रस्त्याला दिलं. लोकांच्या तोंडी भावसिंगजीचं भाऊसिंगजी झालं. अवंतीताईंच्या आजोबांचा उच्चार जुना आणि बरोबर आहे.

सांगलीकर_मी
सगळं छान, पण खरेदी जपून करा. गेल्या वर्षी त्या भागात एका दुकानातून "अस्सल चामडं" म्हणून चप्पल घेतली. दीड महिन्यात तळ सुटला, आत पुठ्ठा निघाला. परत गेलो तर म्हणतात, पाण्यात घातली असणार. घरात वडिलांसाठी नेली होती हो, त्यांना वाईट वाटलं त्याचं जास्त लागलं.

रापी_आरी
सांगलीकर, ऐकून मलाच लाज वाटली. आमच्या घरात चार पिढ्या हेच काम आहे. ताई, शिवाजी चौकाजवळ चप्पल लाईन लागेल, तिथं हे बघून घ्या.

चप्पल हातात घेतली की आधी कडा बघायची. खऱ्या चपलेत चामड्याचे थर एकावर एक दिसतात आणि शिलाई चामड्याच्याच वादीची असते. खिळा नसतो. रेक्झिनची कड एकसारखी गुळगुळीत असते. मग वास घ्यायचा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला तुरट, लाकडासारखा वास येतो. गोंदाचा उग्र वास आला तर खाली ठेवा. तिसरं म्हणजे वेणी. पट्ट्यावरची वेणी हातानं विणलेली असली तर बारीक बघितल्यावर कुठंतरी एखादा पेड जरा कमी-जास्त असतोच. आमची आई अंगठा विणते. एका जोडाला तिचा निम्मा दिवस जातो आणि तिचं बोट कुठं थकलं ते मला पेडावरून कळतं.

कापशी, कुरुंदवाडी, पुकरी, बक्कलनाळी असे प्रकार आहेत. पाय नाजूक असेल तर हलकी कापशी घ्या. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. कर्नाटकचं नाव आलं म्हणून इकडं बरेच जण नाराज झाले. पण अथणी-निपाणीकडचा कारागीर आमच्याच नात्यातला आहे, आमच्या मुली तिकडं दिल्यात. कष्ट दोघांचे सारखेच.

गल्लीतली_वहिनी
आमच्यात चप्पल म्हणत नाहीत, पायताण म्हणतात. आणि ते करकर वाजलं पाहिजे. आमचे मामंजी गल्लीच्या तोंडाशी आले की आवाजावरून कळायचं, मग चहा टाकायचा!

भुकेला_वाघ
चालायचं सगळे सांगायलेत, खायचं कोण सांगणार? अवंतीताई, सकाळी मिसळ. आणि कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात, पाव मागू नका. कट वेगळा मागायचा.

पुणेकर_पाहुणा
मिसळ आणि ब्रेड? आमच्याकडं पावच.

भुकेला_वाघ
पाहुणे, म्हणून तर तुम्हाला पुन्हा यायला लागतं.

मंगळवार_पेठेतला
आता फडतरे, बावडा आणि खासबाग या मिसळींत कोण भारी ते विचारू नका, नाहीतर धागा इथंच हजार प्रतिसादाला जाईल. ताईंच्या प्रश्नाकडं या.

भुकेला_वाघ
खासबाग. विषय संपला.

अक्षरवेल
या रस्त्यावरचा एक चहा कुणीच सांगितला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या चाकरीत होते. मराठ्यांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार पडला. ते महाराजांकडं गेले आणि अंगावरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. गंगारामांनी याच भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं, नाव सत्यसुधारक. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराजांनी आपली गाडी तिथं थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. ज्याला महाराजांची सही हवी त्यानं आधी गंगारामचा चहा प्यायचा.

मी लहानपणी ही गोष्ट "राजा किती थोर" म्हणून ऐकली. मोठी झाल्यावर गंगारामांचा विचार करायला लागले. ज्या रस्त्यावर आपला चहा कुणी पिणार नाही हे माहीत आहे, त्याच भरवस्तीच्या रस्त्यावर रोज पहाटे चूल पेटवायची, कपबश्या विसळून मांडून ठेवायच्या, आणि वाट बघत बसायचं. महाराज रोज थोडेच येणार होते? पुढं महाराज गेल्यावर १९२५ साली नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं करण्यात पुढाकार घेतला तो याच गंगारामांनी.

अवंतीताई, त्या रस्त्यावर कुठंही टपरीवर बाबांबरोबर एक चहा घ्या. मुलीला ही गोष्ट तेव्हाच सांगा.

अवंती_गोदाकाठ
अक्षरवेल, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, अण्णा रस्त्यावरच्या चहाचं काहीतरी सांगायचे, पण मी लक्ष दिलं नाही.

निळी_फाईल
रोज याच रस्त्यावर काम असतं म्हणून एक व्यावहारिक सूचना. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतं. ४० वर्षांहून जास्त मागणी होती, सहा जिल्ह्यांचे पक्षकार येतात, आम्हाला अभिमान आहे. पण आठवड्यातले पाच दिवस तिथं पाय ठेवायला जागा नसते. शनिवार निवडलात ते उत्तम केलंत. त्या जुन्या दगडी इमारतीकडं बघायला निवांतपणा मिळेल.

तिकटीवरचा
रस्त्यात माळकर तिकटी लागेल. तीन रस्ते मिळतात ती तिकटी, बाहेरच्यांना हा शब्द नवा असतो म्हणून सांगितलं. पापाची तिकटी पलीकडं. तसंच वेस. गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थ वेस. गावाला तट होता तेव्हाचे दरवाजे. दरवाजे गेले, नावं राहिली. तटाचा तुकडा बघायचा असेल तर बिंदू चौकात आहे, गाडी तिथंच लावणार आहात. आणि तिथं फुले-आंबेडकरांचे पुतळे बघितल्याशिवाय हलू नका. ९ डिसेंबर १९५० ला बसवले. बाबासाहेब तेव्हा हयात होते! माणूस हयात असताना त्याचा पुतळा उभारणारं गाव आहे हे. भाई माधवराव बागलांचा त्यात पुढाकार.

शिवाजी चौकातल्या शिवाजी महाराजांच्या अर्धपुतळ्याचीही अशीच एक गोष्ट आहे. त्या जागी आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी त्याच्यावर डांबर ओतलं. पुढं तो गेला आणि १९४५ साली शिवाजी महाराज आले. माझी आज्जी त्या वेळी चौकात होती. ती म्हणायची, आम्ही बायका लुगड्याचा पदर खोचून उभ्या होतो, डोळ्यातलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

विंगेतला
भवानी मंडपापर्यंत गेलात की तसंच पुढं खासबागेत जा, फार लांब नाही. रस्ता तिथं संपला असं नका मानू.

खासबागचं कुस्ती मैदान १९१२ चं. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले होते, रोममधलं कलोसियम बघून आले आणि इथं जमिनीत बशीसारखा उतार खणून मैदान केलं. कुठंही बसा, आखाडा दिसतो. त्याला लागूनच पॅलेस थिएटर, १९१५ साली उघडलं. तेच आमचं केशवराव भोसले नाट्यगृह.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी ९ तारखेला केशवरावांची जयंती होती. मी हौशी नट, राज्य नाट्य स्पर्धेत त्या रंगमंचावर ११ वेळा उभा राहिलोय. त्या रात्री फोन आला आणि धावत गेलो. सगळं नाटकवालं गाव रस्त्यावर उभं होतं. कुणी बोलत नव्हतं. छत आत कोसळलं तेव्हा आमच्या ग्रुपमधला साठीचा प्रकाशयोजनाकार लहान पोरासारखा रडला. तिथं माईक न लावता शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा आमच्या दिग्दर्शकांनी सांगितलं होतं, ओरडू नकोस, वास्तू तुझा आवाज नेईल. आणि नेला तिनं.

आता पुनर्बांधणी चालू आहे. बाहेरून बघा. मुलीला सांगा की ती मोठी होईल तेव्हा इथं परत नाटक बघायला यायचंय.

पहाटपाखरू
विंगेतला, वाचून गलबललं. मीही त्या रात्री तिथंच होतो.

हॉर्न_नको
मी जरा वेगळं बोलतो. आपण इथं सगळे हरखून लिहितोय, पण बाबांचा गुडघा दुखरा आहे. भाऊसिंगजी रोडला सलग फुटपाथ आहे का? जिथं आहे तिथं दुकानाचा माल मांडलेला असतो. म्हाताऱ्या माणसाला गाड्यांमधून चालावं लागतं. माझ्या आईला मागच्या नवरात्रात दुचाकीचा धक्का लागला, मनगट मोडलं. हा रस्ता सकाळी दहा ते रात्री नऊ फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवा, असं मी दहा वर्षं बोलतोय.

मंगळवार_पेठेतला
दुकानदार बोंबलतील.

रापी_आरी
उलट आहे. चालणारा माणूस थांबतो, हातात घेऊन बघतो. गाडीवरचा थांबतच नाही. आमचा माल गाडीवरून कुणी घेत नाही. हॉर्न_नको, मी तुमच्या बाजूनं.

खडू_फळा
हॉर्न_नको यांचं बरोबर आहे. मग मी माझा सल्ला थोडा बदलतो. सकाळी साडेसातला दसरा चौक, म्हणजे पहाटपाखरू यांचंही राहिलं आणि आजोबांची वाटही मोडली नाही. साडेदहापर्यंत टाऊन हॉलच्या बागेत निवांत बसून संग्रहालय बघायचं. पुढचा टप्पा हळूहळू. थकलात तर तिकटीवरून रिक्षा.

अवंती_गोदाकाठ
काल रात्री नाशिकला पोचलो. सगळ्यांना आधी सांगते की ठरलं त्यातलं निम्मंच झालं.

पावणेआठला दसरा चौकात उतरलो. बाबा बोर्डिंगसमोर उभे राहिले आणि हात जोडले, बास. मुलगी विचारत होती, पणजोबा कुठल्या खोलीत राहायचे? बाबांनी वरच्या एका खिडकीकडं बोट दाखवलं. त्यांना माहीत नव्हतं हे मला माहीत आहे, पण मी काही बोलले नाही.

टाऊन हॉलच्या बागेत बाबा दोन तास बसले. गुडघ्यापेक्षा मन भरून आलं होतं. एक आजोबा बाकावर पेपर वाचत होते, त्यांनी विचारलं, "कुठनं आलासा?" आणि मग दोघांच्या गप्पा संपेचनात. मी आणि मुलगी आत पोसायडन शोधत होतो. तो इतका लहान आहे की एकदा त्याच्यासमोरून पुढं निघून गेलो. मुलीनं वहीत त्याचं चित्र काढलं.

चहा घेतला. सीपीआरच्या पुढं एका गाड्यावर, काचेच्या ग्लासात. बागेतले पेपरवाले आजोबाही बरोबर आले होते, पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत. अक्षरवेल, गंगारामांची गोष्ट मी सांगायला लागले आणि चहावाल्यानंच अर्ध्यातून पुढं सांगितली. मुलीनं विचारलं, "लोक चहा का पीत नव्हते?" बाबांनी तिला समजावलं. माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

मान वर करून चाललो. लाकडी कठडे दिसले. एका माडीवर एक बाई केस विंचरत उभ्या होत्या, त्यांनी मुलीला हात केला.

शिवाजी चौकाच्या पुढं बाबांना चालवेना. राजाराम हायस्कूलपर्यंत रिक्षानं गेलो. फाटकापाशी ते उतरले आणि म्हणाले, अण्णा इथपर्यंत रोज पायी यायचे, मला शेवटची दहा पावलं तरी चालू दे. खासबाग राहिलं, बिंदू चौकातले पुतळे संध्याकाळी गाडी काढताना बघितले.

चपलेचं मात्र जमलं. कारागिरानं कागदावर मुलीच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली, तिला गुदगुल्या झाल्या. बाबांसाठी कापशी सांगितली. आठ दिवसांनी तयार होतील म्हणाले. आता त्या नाशिकला कशा आणायच्या?

रापी_आरी
ताई, काळजी करू नका. पार्सल करतात, दुकानाला फोन करून पत्ता द्या. आल्या की आतल्या बाजूला खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि एक रात्र तशाच ठेवा. बाबांना पहिले आठ दिवस घरातच घालायला सांगा, तासभर, मग काढायच्या. अंगठा सुरुवातीला चावेल, घाबरू नका. पाण्यात बिलकूल नको. मुलीच्या पायाला वाढ आहे, तिची मापापेक्षा अर्धं बोट मोठी करायला आजच सांगून ठेवा, अजून तळ कापला नसेल.

अवंती_गोदाकाठ
लगेच फोन केला. तळ कापायचा होता अजून. अर्धं बोट वाढवतो म्हणाले.

विंगेतला
खासबाग राहिलंय, लक्षात आहे ना?